क्ष-किरणांचा कस

सराफाकडे दागिना नेला, की तो दोन गोष्टी पाहतो. तराजूत घालून त्याचे वजन करतो आणि कसोटीच्या दगडावर घासून त्याचा कस पाहतो. वजनावरून सोने किती आहे ते कळते, कसावरून ते कसे आहे ते कळते. नुसत्या वजनावर भाव ठरवला तर पितळही सोन्याच्या मोलाने विकले जाईल.

क्ष-किरणांच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. यंत्रातून किती किरण बाहेर पडले हा पहिला प्रश्न, आणि ते कोणत्या प्रतीचे आहेत हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका मापकावर लगेच वाचता येते. दुसऱ्यासाठी मात्र ॲल्युमिनियमच्या काही पातळ पत्र्या, थोडे गणित आणि बरीच काळजी लागते. स्त्रियांच्या स्तनांची क्ष-किरणांनी तपासणी करणाऱ्या यंत्राचा, म्हणजेच मॅमोग्राफी यंत्राचा, असा कस कसा पाहतात ते आज आपण समजून घेऊ या.

मृदू किरण, कठोर किरण

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला. या किरणांची निर्मिती अगदी सोपी आहे. निर्वात नळीत ऋणाग्रापासून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च विद्युत्दाबाखाली वेगाने धावतात आणि धनाग्राच्या धातूवर आदळतात. तिथे त्यांची थोडी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते, उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते.

यंत्राला २८ किलोव्होल्ट दाब दिला, तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा २८ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असते का? नाही. २८ ही वरची मर्यादा झाली. त्याखालच्या सर्व ऊर्जांचे फोटॉन त्या शलाकेत मिसळलेले असतात. कमी ऊर्जेचे फोटॉन पदार्थात चटकन शोषले जातात. त्यांना मृदू किरण म्हणतात. जास्त ऊर्जेचे फोटॉन खोलवर घुसतात. ते कठोर किरण. एखाद्या शलाकेत मृदू आणि कठोर किरणांचे मिश्रण कोणत्या प्रमाणात आहे, यालाच त्या शलाकेची गुणवत्ता म्हणतात. इथे गुणवत्ता म्हणजे चांगले-वाईट नव्हे, तर भेदनशक्ती, हे ध्यानात ठेवा.

स्तनासाठी वेगळे यंत्र का?

हाताचे हाड मोडले, तर साध्या क्ष-किरण चित्रात ते स्पष्ट दिसते. हाडातील कॅल्शियम किरण अडवते, भोवतालचे मांस ते जाऊ देते. स्तनात हाड नसते. तिथे चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात, आणि दुर्दैवाने रोग झालाच तर कर्करोगाची गाठ असते. तिन्ही मऊ, तिन्ही जवळपास सारख्याच घनतेची. त्यांतला फरक चित्रात उमटवायचा कसा?

बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये, शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन रोगाच्या खुणा शोधण्याचा पाया घातला. परंतु या कामासाठी खास यंत्र तयार व्हायला अर्धे शतक जावे लागले. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समधील स्ट्रासबूर्गचे डॉक्टर शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून मॉलिब्डेनम धातूचे धनाग्र असलेले यंत्र आले, आणि मॅमोग्राफीला खरी दिशा मिळाली.

मॉलिब्डेनमच का? या धातूवर इलेक्ट्रॉन आदळले, की सर्वसाधारण मिश्र किरणांबरोबरच १७.५ आणि १९.६ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे, मॉलिब्डेनमचे खास असे फोटॉन मोठ्या संख्येने बाहेर पडतात. मऊ ऊतकांमधला फरक दाखवायला हीच ऊर्जा उपयोगी पडते. २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या किरणांची संख्या निम्मी व्हायला चरबीची सुमारे १.५ सेंटिमीटर जाडी लागते. ग्रंथींच्या ऊतकाची सुमारे ०.९ सेंटिमीटर पुरते, आणि गाठीची त्याहून किंचित कमी. हा किंचित फरकच डॉक्टरांना हवा असतो. ऊर्जा वाढवत गेलो, तर तो झपाट्याने पुसट होतो, कारण प्रकाशविद्युत परिणामाने होणारे शोषण ऊर्जेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ऊर्जा दुप्पट झाली, की हे शोषण साधारण एक अष्टमांश उरते.

मग ऊर्जा कमी कमी करत गेलो तर? तेही चालत नाही. १० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण पाण्यासारख्या ऊतकात अवघ्या १.३ मिलिमीटरमध्ये निम्मे होतात. तपासणीच्या वेळी स्तन दाबून ५ सेंटिमीटर जाडीचा केला आहे असे समजू. तो ओलांडताना या किरणांची संख्या ३८ वेळा निम्मी होईल. २ चा ३८ वा घात करून पाहा. सुमारे सत्तावीस हजार कोटी फोटॉनांपैकी एखादाच पलीकडे पोचेल! बाकीचे सारे शरीरातच जिरतील. याउलट २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण तेवढ्याच ग्रंथींमध्ये सुमारे सहाच वेळा निम्मे होतात, म्हणजे साधारण ६४ पैकी एक फोटॉन चित्र काढायला पलीकडे पोचतो.

म्हणून मॅमोग्राफीच्या नळीपुढे एक गाळणी बसवलेली असते. मॉलिब्डेनमच्या धनाग्रापुढे गाळणीही बहुधा मॉलिब्डेनमचीच, फक्त ०.०३ मिलिमीटर जाडीची! ती अतिमृदू किरण शोषून घेते. शिवाय २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरच्या किरणांसाठी तिचे शोषण एकदम वाढते, त्यामुळे नको असलेले कठोर किरणही बरेचसे अडतात. आपल्या धातूचे खास फोटॉन मात्र ती बऱ्यापैकी जाऊ देते. काही यंत्रांत ऱ्होडियमची गाळणी असते. आजच्या अनेक अंकीय यंत्रांत धनाग्र टंगस्टनचे आणि गाळणी ऱ्होडियम, चांदी किंवा ॲल्युमिनियमची असते. तत्त्व तेच.

चित्रात न दिसणारा दोष

आता एक प्रश्न विचारतो. थोडे थांबून विचार करा आणि मगच पुढे वाचा. समजा, ही पातळ गाळणी फाटली किंवा तिला छिद्र पडले. क्ष-किरण चित्र बिघडेल का?

पुष्कळांना वाटेल, बिघडेलच. पण तसे फारसे होत नाही. गाळणी नसल्यामुळे जे जादा मृदू किरण बाहेर येतात, ते पलीकडच्या फिल्मपर्यंत किंवा शोधकापर्यंत पोचतच नाहीत. आपण आताच हिशेब केला ना! चित्र नेहमीसारखे दिसते, डॉक्टर समाधानी असतात, यंत्र चालू राहते. आणि तपासणीला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या त्वचेत आणि वरच्या ऊतकांत निरुपयोगी किरणांची भर पडत राहते. ही तपासणी बहुतेक वेळा निरोगी स्त्रियांचीच होते, रोग लवकर सापडावा म्हणून. त्यांना जादा किरण देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

दोष उलट दिशेचाही असू शकतो. धनाग्राचा पृष्ठभाग वर्षानुवर्षांच्या माऱ्याने खडबडीत झाला, चुकीची गाळणी पुढे आली किंवा विद्युत्दाब दाखवलेल्यापेक्षा जास्त निघाला, तर शलाका कठोर होते. मग गाठ आणि ग्रंथी यांच्यातील फरक पुसट होतो. मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढे कॅल्शियमचे कण कधीकधी रोगाची पहिली खूण असतात. ते नजरेतून सुटण्याची भीती वाढते.

म्हणजे शलाका फार मृदू झाली तर धोका, फार कठोर झाली तरी धोका. आणि यातला पहिला धोका नुसते चित्र पाहून ओळखता येत नाही. तो ओळखायचा तर शलाकेचा कसच पाहायला हवा.

अर्धमूल्य जाडी

शलाकेतील प्रत्येक फोटॉनची ऊर्जा मोजून नोंदवणारी उपकरणे आहेत. पण ती नाजूक, महाग आणि वेळखाऊ. रुग्णालयात रोजच्या कामाला त्याहून सोपी युक्ती वापरतात. शलाकेच्या वाटेत ॲल्युमिनियमच्या पत्र्या ठेवत जायचे, आणि मापकावरचे वाचन बरोबर निम्मे व्हायला किती जाडी लागते ते पाहायचे. या जाडीला अर्धमूल्य जाडी म्हणतात. शलाका जितकी मृदू, तितकी अर्धमूल्य जाडी कमी. जितकी कठोर, तितकी जास्त. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही शिकला असाल. तिथे वेळ असते, इथे जाडी. कल्पना एकच.

ॲल्युमिनियमच का? ते शुद्ध स्वरूपात मिळते, त्याच्या सारख्या जाडीच्या पत्र्या करता येतात, आणि ज्या ऊर्जांशी आपल्याला काम आहे तिथे त्याचे शोषण मॉलिब्डेनमसारखे मध्येच उडी घेत नाही.

मॅमोग्राफीच्या शलाकेची अर्धमूल्य जाडी ॲल्युमिनियमच्या सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. वहीची चार पाने एकत्र धरा, साधारण तेवढी! छातीचे चित्र घेणाऱ्या यंत्रात ती काही मिलिमीटर असते. इथे मिलिमीटरच्या शतांश भागालाही किंमत आहे. स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळायला वापरतात ती चंदेरी फॉईल मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीची असते. मोजणाऱ्याच्या हातून तेवढी चूक झाली, तरी निष्कर्ष डळमळू शकतो.

मोजमाप कसे करतात?

मोजण्याचे मुख्य उपकरण म्हणजे आयनीकरण कक्ष. हवेने भरलेली एक छोटी पोकळी, तिला अतिशय पातळ खिडकी. क्ष-किरणांमुळे आतील हवेचे आयन होतात, आणि त्यांचा विद्युत्भार मोजला की किरणांचे प्रमाण कळते. मृदू किरण खिडकीतच अडकू नयेत, म्हणून ती पातळ हवी.

हा कक्ष स्तन ठेवण्याच्या आधारपट्टीच्या काही सेंटिमीटर वर, शलाकेच्या मधोमध आणि रुग्णाच्या छातीकडील कडेपासून सुमारे ४ सेंटिमीटर आत ठेवतात. स्तन दाबणारी प्लॅस्टिकची पट्टी शलाकेत असू देतात, कारण प्रत्यक्ष तपासणीतही किरण तिच्यातूनच जातात. ही पट्टी शक्य तितकी वर, नळीकडे सरकवतात आणि पत्र्या तिच्यावर ठेवतात.

पत्र्या कक्षापासून दूर का ठेवायच्या? ॲल्युमिनियममधून काही किरण इकडेतिकडे विखुरतात. पत्री कक्षाला चिकटून असेल, तर हे विखुरलेले किरणही आत शिरतील, वाचन खोटेच जास्त येईल आणि शलाका आहे त्यापेक्षा कठोर भासेल. याच कारणासाठी शलाकाही अरुंद करून घेतात. पत्र्यांची शुद्धताही महत्त्वाची. ॲल्युमिनियममध्ये लोखंडाचा किंवा तांब्याचा थोडासा अंश असला, तरी तो किरण जास्त अडवतो, आणि शलाका आहे त्यापेक्षा मृदू भासते.

यंत्राचे स्वयंचलित नियंत्रण बंद करतात. नाहीतर पत्र्या मध्ये आल्या की यंत्र स्वतःच किरण वाढवील आणि सारा प्रयोग फसेल! दाब, विद्युत्प्रवाह आणि वेळ प्रत्येक वेळी तेच ठेवायचे. प्रथम पत्रीशिवाय वाचन घेतात, मग एकेक जाडीची, आणि शेवटी पुन्हा पत्रीशिवाय. पहिल्या आणि शेवटच्या वाचनात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर यंत्र स्थिर नव्हते असे समजून सगळे पुन्हा मोजतात.

समजण्यापुरता एक काल्पनिक तक्ता घेऊ. धनाग्र आणि गाळणी मॉलिब्डेनमची, दाब २८ किलोव्होल्ट.

ॲल्युमिनियमची जाडी (मिलिमीटर) — मापकावरील वाचन
० — २००
०.२ — १३१
०.३ — १०८
०.४ — ९०
०.७ — ५६
०.८ — ४८

२०० चे निम्मे १००. हे वाचन ०.३ आणि ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान येते. ०.१ मिलिमीटरने वाचन १८ ने उतरते. आपल्याला १०८ वरून ८ ने उतरायचे आहे. म्हणून ०.३ + ०.१ × (८ ÷ १८) = ०.३४ मिलिमीटर. ही झाली अर्धमूल्य जाडी. प्रत्यक्षात लॉगरिथम वापरून याहून काटेकोर उत्तर काढतात, पण आपल्या तक्त्यापुरते दोन्ही रीतींनी उत्तर तेच येते.

यातील एक गंमत लक्षात आली का? आपण फक्त गुणोत्तर वापरले. मापकाचे वाचन कोणत्या एककात आहे, त्या दिवशी खोलीतील हवेचे तापमान किती होते, याचा उत्तरावर परिणाम होत नाही. सर्व वाचनांत तो घटक सारखाच असतो आणि भागाकारात निघून जातो.

दुसरे अर्धे जास्त जाड का?

आता तोच तक्ता पुन्हा पाहा. १०० चे निम्मे ५०. हे वाचन ०.७७ मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे २०० वरून १०० वर यायला ०.३४ मिलिमीटर पुरले, पण १०० वरून ५० वर यायला आणखी ०.४३ मिलिमीटर लागले. असे का?

शाळेची सहल सिंहगड चढते आहे असे समजा. दमणारी मुले पहिल्याच टप्प्यात बसतात. पुढे राहतात ती काटक मुले. त्यांच्यातली निम्मी गळायला आणखी लांब चढण लागते. शलाकेचेही तसेच. पहिल्या पत्र्यांत मृदू फोटॉन गळतात आणि उरलेली शलाका सरासरीने कठोर होते. शलाकेत एकाच ऊर्जेचे फोटॉन असते, तर दोन्ही जाड्या सारख्या आल्या असत्या. म्हणून या दोन जाड्यांची तुलना केली, की शलाकेत किती भेसळ आहे याचाही अंदाज येतो.

वर्गात करून पाहा

क्ष-किरणांचा प्रयोग शाळेत करायचा नसतो. पण त्यांचा खेळ मात्र करता येईल. वर्गात ६० विद्यार्थी असतील, तर प्रत्येक जण एक फोटॉन. तिसांनी ‘मृदू’ व्हायचे आणि हातात नाणे घ्यायचे; तिसांनी ‘कठोर’ व्हायचे आणि लुडोचा फासा घ्यायचा. शिक्षकांनी ‘पत्री!’ म्हटले, की सर्वांनी एकदाच टाकायचे. नाण्यावर छापा आला तर तो फोटॉन बाद, फाशावर ६ आले तर तो बाद. उरलेले मोजून फळ्यावर लिहायचे. मग दुसरी पत्री.

सरासरीने ६० चे ४०, मग २८, २१, १६ आणि १३ असे काहीसे आकडे येतील. ६० वरून ३० वर यायला दोनाहून थोड्या कमी पत्र्या लागतात, ३० वरून १५ वर यायला मात्र अडीच. मागे उभे राहिलेले कोण आहेत ते पाहा. जवळजवळ सगळे फासेवाले! शलाका कठोर होणे म्हणजे काय, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आकडा काय सांगतो?

आपल्या तक्त्यातील ०.३४ मिलिमीटर हे उत्तर चांगले की वाईट? अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत यासाठी सोपा हिशेब आहे. दाबाच्या किलोव्होल्टना १०० ने भागा. त्यात ०.०३ मिळवले की खालची मर्यादा मिळते. मॉलिब्डेनमचे धनाग्र आणि गाळणी असेल, तर ०.१२ मिळवले की वरची मर्यादा. दाबपट्टी शलाकेत ठेवून मोजलेल्या जाडीसाठी हे आकडे आहेत. २८ किलोव्होल्टसाठी मर्यादा ०.३१ ते ०.४० मिलिमीटर. आपले ०.३४ त्यात व्यवस्थित बसते. ते ०.२५ आले असते, तर पहिला संशय गाळणीवर घेतला असता. ०.४५ आले असते, तर दाब, गाळणीची निवड आणि धनाग्र तपासले असते.

याच आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. स्तनातील ग्रंथींना किती किरण मिळाले, हे आत मापक ठेवून मोजता येत नाही. बाहेर पडणाऱ्या किरणांचे प्रमाण मोजून त्याला एका गुणकाने गुणावे लागते, आणि तो गुणक अर्धमूल्य जाडीवर अवलंबून असतो. जाडी चुकली, तर किरणांच्या मात्रेचा हिशेबही चुकतो.

आता अनेक पदार्थवैज्ञानिक लहान अर्धवाहक मापक वापरतात. एकाच झटक्यात दाब, मात्रा आणि अर्धमूल्य जाडी त्याच्या पडद्यावर उमटते. पण धनाग्र कोणते आणि गाळणी कोणती, हे त्याला आधी बरोबर सांगावे लागते. उत्तराबद्दल शंका आली, तर पुन्हा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच बाहेर काढाव्या लागतात. आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांच्या सुरक्षिततेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. यंत्र वापरणाऱ्यांना त्याच्या गुणवत्ता चाचण्या ठराविक काळाने करून घ्याव्या लागतात.

तपासणीला आलेल्या स्त्रीला यातले काहीच दिसत नाही. तिच्या आधी कुणीतरी त्या खोलीत जाऊन, तिच्या जागी एक छोटा कक्ष ठेवून, पत्र्यांमागून पत्र्या लावून आकडे लिहिलेले असतात. ते आकडे नीट लिहिले गेले, म्हणूनच तिच्या चित्रावर आणि तिला मिळालेल्या मात्रेवर विश्वास ठेवता येतो.

विचार करा

१. एका यंत्राची पत्रीशिवायची वाचने सुरुवातीला २४० आणि शेवटी २३९ आली. ०.३ मिलिमीटरला १२६ आणि ०.४ मिलिमीटरला १०५ वाचन आले. वाचने ग्राह्य आहेत का? अर्धमूल्य जाडी काढा. (सुरुवातीचे २४० हे वाचन धरा.)

२. पत्र्या मोजताना दाबपट्टी काढून टाकली, तर अर्धमूल्य जाडी वाढेल की कमी होईल? का?

३. वर्गातील खेळात सर्वांनी फासेच घेतले, तर पहिल्या आणि दुसऱ्या अर्धमूल्य जाडीत काय फरक पडेल? आधी अंदाज लिहा आणि मग खेळून पाहा.